खाडीकाठचे देहधर्म

२०२४ सालच्या उपवासकाळातील पहिल्या रविवारची गोष्ट. मिस्सा व धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपल्यावर आम्ही आमच्या धर्मग्रामातील पंधरा-वीस मुलांना घेऊन नेरूळच्या खाडीकाठी गेलो होतो. ओहोटी लागली होती. पाणी मागे हटून उघड्या पडलेल्या चिखलावर शेकडो रोहित पक्षी, ज्यांना आता सारे फ्लेमिंगो म्हणूनच ओळखतात, माना खाली घालून चरत होते. सात-आठ वर्षांची एक मुलगी बराच वेळ त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. मग तिने विचारले, "फादर, हे पक्षी दिवसभर खाऱ्या पाण्यातच तोंड घालून असतात. त्यांना तहान नाही लागत?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले, "देवाने त्यांना तसंच घडवलंय, बाळ." मुलीने मान डोलावली, परंतु परतीच्या वाटेवर आमचेच उत्तर आम्हाला टोचू लागले. ते खोटे नव्हते, अपुरे होते. तिने 'कसे' असे विचारले होते आणि आम्ही 'कोणी' ते सांगून मोकळे झालो होतो. त्या 'कसे'चे उत्तर शोधण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली, तेव्हा असे दिसून आले की आपल्या खाडीतील जीवांच्या शरीराचा अभ्यास हा स्वतःच एक मोठा इतिहास आहे. आणि त्यात आपल्या परिचयाची काही नावेही आहेत. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

विस्मयापासून नावापर्यंत

ठाण्याच्या खाडीचा परिसर पाश्चात्त्य जगाला लेखी रूपाने कळला, तो प्रामुख्याने चौदाव्या शतकातील मिशनरी प्रवाशांमुळे. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे थॉमस ऑफ टोलेंटिनो आणि त्यांचे फ्रान्सिस्कन सोबती हुतात्मे झाले, हा इतिहास आपल्या समाजाला ज्ञात आहे. त्यानंतर लवकरच ओडोरिक ऑफ पोर्देनोने हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला व त्या हुतात्म्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनकडे गेला. मायदेशी परतल्यावर १३३० मध्ये त्याने आपला वृत्तान्त सांगून लिहवून घेतला. त्यात ठाण्याच्या प्राण्यांविषयीही मजकूर आहे. येथे कबुतराएवढी वटवाघळे आहेत. येथील उंदीर कुत्र्याएवढे असून मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, म्हणून त्यांना पकडायला कुत्रेच लागतात, असे तो सांगतो. आपल्याकडची घूस ज्याने पाहिली आहे, त्याला हे वर्णन वाचून हसू येईल. पण ते फारसे खोटे आहे असे वाटणार नाही.

ही विस्मयाची दृष्टी होय. परक्या देशातील प्राणी आपल्या देशातील प्राण्यांहून वेगळे आहेत, एवढे ती टिपते. ते वेगळे का आहेत, हा प्रश्न तिला अद्याप पडलेला नसतो.

पुढील पायरी नाव देण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाँ-झाक द्युस्युमिए नावाचा बोर्दोचा एक फ्रेंच व्यापारी हिंदी महासागरात जहाजे घेऊन फिरत असे. मालाबरोबरच मासे, पक्षी, प्राणी यांचे नमुने गोळा करून तो ते पॅरिसच्या संग्रहालयास देई. त्या माशांमध्ये चिखलावर उड्या मारणारा एक छोटा मासा होता. १८३७ साली व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि द्युस्युमिएच्या नावावरून त्याचे नामकरण केले. आपल्या आगरी-कोळी बांधवांना तो मासा त्यापूर्वी कित्येक पिढ्या ठाऊक होता. ते त्याला निवटी म्हणतात, आणि त्याचे कालवण चवीने खातात.

निवटीची ओल

आमच्या शेजारच्या गावठाणात एक वृद्ध आगरी गृहस्थ राहतात. सारे त्यांना आबा म्हणतात. तरुणपणी ते मिठागरात राबले आणि ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून निवट्याही पकडीत. खाडीकाठच्या त्या फेरीनंतर आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. निवटी पाण्याबाहेर कशी जगते, असे विचारताच ते म्हणाले, "फादर, निवटीला पाणी नसलं तरी चालतं. अंगावरची ओल गेली की संपली."

शास्त्रज्ञ जे सांगतात ते याहून वेगळे नाही. ते फक्त अधिक खोलात जाते. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाण्याबाहेर काढल्यावर कल्ल्यांचे नाजूक पडदे एकमेकांस चिकटतात व साधारण मासा गुदमरतो. निवटी मात्र कल्ल्यांच्या पोकळीत पाणी व हवा धरून ठेवते. शिवाय तिच्या त्वचेत आणि तोंडाच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते व त्यांतून ती हवेतील प्राणवायू थेट रक्तात घेते. पण प्राणवायू त्वचेतून आत शिरावा, तर ती त्वचा ओली असावी लागते. म्हणून निवटी मधूनमधून चिखलात अंग घोळवते. डोक्यावर वर आलेले डोळे ती खोबणीत आत ओढते व ओले करून पुन्हा बाहेर काढते. तापलेल्या दुपारी ती बिळात शिरते. त्या बिळातील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. मग ती तेथे कशी जगते? १९९८ मध्ये मलेशियातील दलदलीत काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिले की, तेथील निवटीचा एक भाईबंद तोंडात हवा भरून घेतो आणि ती बिळाच्या आतल्या कप्प्यात नेऊन साठवतो.

निवटीच्या शेजारी चिकटलेल्या कालवांचीही तऱ्हा पाहण्यासारखी आहे. ओहोटीला ती आपली शिंपले घट्ट मिटून घेतात. आतील थोडे पाणी तेवढे जवळ राहते. देहाचे सारे व्यापार मंदावतात आणि प्राणवायूवाचून चालणाऱ्या रासायनिक क्रियांवर ती तास काढतात. भरती आली की शिंपले उघडतात व श्वास पुन्हा सुरू होतो. खाडीतील जीव दिवसातून दोनदा कोरडे पडतात व दोनदा बुडतात. त्यांच्या देहाचे घड्याळ चंद्राच्या गतीवर लावलेले आहे, असेच म्हणावे लागेल.

एक जेझुइट आणि एक विद्यार्थी

या साऱ्याचा पद्धतशीर अभ्यास मुंबईत सुरू झाला, तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थापनेनंतर. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. तिच्या नियतकालिकात १९०५ साली एक लेख आला, मुंबई इलाख्यातील खारफुटीविषयीचा. लेखक होते फादर एथेलबर्ट ब्लॅटर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १९०३ मध्ये मुंबईस आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवू लागले. तेथील प्रसिद्ध वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

खारफुटीच्या झाडांचा प्रश्न प्राण्यांच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता: मीठ आणि चिखल यांत जगायचे कसे? तिवराचे पान जिभेला लावून पाहावे. ते खारट लागते. कारण मुळांवाटे आत आलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची मुळे बोटांसारखी वर उभी राहून श्वास घेतात.

फादर ब्लॅटर यांचे दुसरे एक कार्य कमी लोकांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात ब्रह्मदेशातून परतलेल्या एका तरुणाचे पक्ष्यांवरील प्रेम त्यांच्या नजरेस आले. त्यांनी त्याला प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केले. तो तरुण म्हणजे सालिम अली. हेच सालिम अली १९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात रोहित पक्ष्यांच्या वसाहतीवर गेले. तेथे खाऱ्या, निर्मनुष्य चिखलावर लक्षावधी पक्षी मातीची उंचवट्यासारखी घरटी करून अंडी उबवीत होते. आपल्या खाडीत येणाऱ्या रोहितांचे गुजरातशी असलेले नाते पुढे उपग्रहाच्या साहाय्यानेही दिसून आले. २०२२ साली याच संस्थेने ठाणे खाडीतील सहा रोहितांच्या अंगावर माग काढणारी यंत्रे बसवली. त्यांपैकी हुमायून हे नाव दिलेला पक्षी गुजरातेत गेला व पुन्हा परतून आला.

मिठाचे कोडे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर समजण्यासाठी आपल्याला खाडीकाठ थोडा वेळ सोडून युरोपातील प्रयोगशाळांकडे जावे लागेल.

फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक मूलगामी विचार मांडला. प्राण्याच्या भोवती जसे एक वातावरण असते, तसेच त्याच्या आतही एक असते: रक्त आणि पेशींभोवतीचा द्रव यांचे. बाहेर ऊन असो वा थंडी, हे आतले वातावरण शरीर जवळजवळ अचल राखते, आणि ते राखले जाते म्हणूनच प्राणी स्वतंत्रपणे जगू शकतो. बाहेरचे जग बदलत असताना आत समतोल सांभाळणे, हाच देहधर्माचा गाभा होय.

मिठाच्या बाबतीत हा समतोल किती कठीण आहे, ते आकड्यांनी कळते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या रक्ताच्या बरोबरीचे म्हणून रुग्णालयात शिरेतून जे सलाइन देतात, त्यात लिटरमागे केवळ ९ ग्रॅम मीठ असते. माणसाची मूत्रपिंडे समुद्राएवढे खारट मूत्र तयार करू शकत नाहीत. म्हणून समुद्राचे पाणी प्यायलेला माणूस ते मीठ बाहेर टाकण्यासाठी प्यायलेल्याहून अधिक पाणी गमावतो व तहानेने मरतो. पक्ष्यांची मूत्रपिंडे तर या कामात माणसाच्या मूत्रपिंडांहूनही दुबळी. मग समुद्रपक्षी जगतात कसे?

हे कोडे ज्याने सोडवले त्याचे नाव क्नूट श्मिट-निल्सन. हा नॉर्वेत जन्मलेला शास्त्रज्ञ डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला व पुढे अमेरिकेत गेला. क्रोघ यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. शरीरक्रियेचा कोणताही प्रश्न घेतला, तरी तो सोडवण्यास सर्वांत सोयीचा असा एखादा प्राणी निसर्गात असतोच, अशी त्यांची शिकवण होती. श्मिट-निल्सन यांनी ती शिरोधार्य मानली. १९५३-५४ मध्ये त्यांनी सहारा वाळवंटात राहून उंटाचा अभ्यास केला. नाताळच्या गोठ्यात तीन राजांसोबत आपण जो उंट उभा करतो, त्याच्या मदारीत पाणी साठवलेले नसते, चरबी असते. पाणी मिळत नसताना तो दिवसभर शरीराचे तापमान सुमारे सहा अंशांनी चढू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता सोडून देतो. त्यामुळे घामावाटे पाणी खर्च करण्याची वेळच त्याच्यावर कमी येते.

त्यानंतर ते समुद्रपक्ष्यांकडे वळले. १९५७-५८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणकावळ्याला खारे पाणी दिले, तेव्हा त्याच्या चोचीच्या टोकाशी स्वच्छ थेंब ठिबकू लागले. ते थेंब समुद्राच्या पाण्याहूनही खारट होते. डोळ्यांच्या वरच्या बाजूस कवटीत असलेल्या एका जोडग्रंथीतून ते येत होते. ही ग्रंथी शरीररचना पाहणाऱ्यांना आधीपासून माहीत होती. तिचे काम मात्र कोणालाच कळले नव्हते. रक्तातील मीठ उपसून ती नाकपुड्यांवाटे बाहेर टाकते. बदकांना खाऱ्या पाण्यावर वाढवले, तर ही ग्रंथी त्यांच्या अंगी मोठी होते, असेही दिसून आले.

रोहित पक्ष्यालाही अशीच ग्रंथी आहे. त्या मुलीला पुढच्या रविवारी आम्ही सांगितले, "त्यांना तहान लागते, पण खारं पाणी त्यांना चालतं. पाणी ते ठेवून घेतात आणि मीठ नाकातून टाकून देतात." ती म्हणाली, "शिंकरतात?" आम्ही म्हणालो, "तसंच काहीसं." यावर सारा वर्ग हसला.

रोहिताची चोचही मधूनच वाकलेली का, याचे उत्तरही १९५७ सालचेच आहे. पेनेलोपी जेन्किन या इंग्रज विदुषीने त्या वर्षी दाखवून दिले की, हा पक्षी डोके उलटे करून चरतो. त्याची जाड जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे मागेपुढे होऊन पाणी आत ओढते व बाहेर लोटते. चोचीच्या कडांना चाळणीसारख्या बारीक पट्ट्या असतात. छोट्या रोहिताच्या पट्ट्या इतक्या बारीक, की सूक्ष्म शेवाळही त्यांत अडकते. मोठ्या रोहिताची चाळणी जाडसर. तो झिंग्यासारखे बारीक जीव टिपतो. म्हणून दोघे एकाच चिखलावर शेजारी शेजारी चरू शकतात. त्यांचा गुलाबी रंगही त्यांचा स्वतःचा नव्हे. तो गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीचा असून अन्नातूनच त्यांच्या पिसांत उतरतो. पिले करडी असतात, ती त्यामुळेच.

जन्मभराची जुळवणी, पिढ्यांची घडण

येथे दोन गोष्टींत फरक करणे आवश्यक आहे. एक म्हणजे एकाच जीवाच्या शरीराने आयुष्यात केलेली जुळवणी. थंड प्रदेशातून येथे आलेला मनुष्य एक-दोन आठवड्यांत उकाड्याला सरावतो. त्याला घाम लवकर व अधिक येऊ लागतो. खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या बदकाची ग्रंथी मोठी होते, तेही याच प्रकारचे. दुसरी गोष्ट म्हणजे ती ग्रंथी मुळात असणे. ही एका पिढीची कमाई नव्हे. लक्षावधी वर्षांच्या काळात, ज्यांची शरीरे त्या परिस्थितीत अधिक उपयोगी ठरली त्यांची संतती टिकली, आणि ती घडण वारशाने उतरत गेली. १८५९ मध्ये डार्विन यांनी मांडलेला नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त तो हाच.

आपल्यातील काही कुटुंबांना या ठिकाणी अजूनही संकोच वाटतो, असा आमचा अनुभव आहे. त्यांच्यासाठी सांगावेसे वाटते की, पोप पायस बारावे यांनी १९५० मध्येच मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयीच्या संशोधनास व चर्चेस मोकळीक दिली होती. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीस पाठवलेल्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धान्त हा केवळ एक तर्क राहिलेला नाही, हे मान्य केले. 'कसे' विचारणारी मुलगी 'कोणी' हा प्रश्न पुसून टाकीत नसते.

पण या फरकाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. शरीर जुळवून घेते, परंतु पूर्वजांनी दिलेल्या मर्यादेतच. त्या मर्यादेपलीकडे जग बदलले, आणि तेही थोड्या वर्षांत, तर पिढ्यांच्या घडणीला अवधीच मिळत नाही. आपल्या खाडीत नेमके हेच घडले आहे.

शहर आले

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात नवे शहर उभारण्याची ही योजना होती. तत्पूर्वी येथे खाजणे होती, भातशेती होती, मिठागरे होती. शेतकरी बांध घालून खारे पाणी रोखीत आणि उघाडीतून पाण्याची ये-जा राखीत. त्या बांधांच्या अलीकडे भात पिके आणि पलीकडे निवट्या नांदत. वाशीचा खाडीपूल झाला, पुढे १९९२ मध्ये रेल्वे वाशीपर्यंत आली, आणि आपल्या समाजातील शेकडो कुटुंबे मुंबईतून, वसईतून, गोव्याहून व मंगळूरहून येथे स्थायिक झाली. आमचा धर्मग्रामही त्यातूनच उभा राहिला. ज्या जमिनीवर आपली घरे आहेत, तीही कोणाची तरी शेते व कोणाचे तरी खाजण होते, हे आपण विसरू नये.

या काळात एक अनपेक्षित गोष्ट घडली. दोन्ही काठांवरील शहरांचे सांडपाणी खाडीत येऊ लागले. त्यातील पोषक द्रव्यांवर शेवाळ माजले. आणि १९९० च्या दशकापासून शिवडी व ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित हजारोंच्या संख्येने येऊ लागले. पुढे ही संख्या लाखाच्या घरात गेली. आपल्या घाणीवर वाढलेले शेवाळ त्यांना मानवले, असे अभ्यासकांचे मत आहे. ज्या देहाने रणातील मीठ पचवले, त्याला खाडीचे गढूळ पाणी परके वाटले नाही. मात्र त्याच पाण्याबरोबर कारखान्यांतील जड धातूही चिखलात साचत आले आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणतीही ग्रंथी घडलेली नाही.

पक्ष्यांचे हे येणे पाहून शासन जागे झाले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवणारा आदेश दिला होताच. २०१५ च्या ऑगस्टमध्ये खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत झाला. मग आता चिंता कसली, असे कोणासही वाटेल.

भरतीच्या वेळी कोठे जावे?

चिंता पुन्हा देहधर्माचीच आहे. रोहित ओहोटीच्या वेळी अभयारण्यातील चिखलावर चरतो. भरती येते तेव्हा त्या चिखलावर पुरुषभर व त्याहूनही अधिक पाणी चढते. मुंबईच्या मोठ्या भरतीची उंची चार मीटरहून जास्त असते. छोटा रोहित उभा राहिला तरी मीटरभरही भरत नाही. म्हणून भरतीचे तास काढण्यासाठी त्याला पाऊल बुडेल एवढे उथळ पाणी असलेली, निवांत जागा हवी असते. नेरूळ व सीवूड्स येथील तलाव ही ती जागा. ते अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. नकाशावर ती दोन ठिकाणे आहेत. पक्ष्याच्या देहाला ते एकच घर आहे.

अशा जागी तो एका पायावर उभा राहून विसावतो. लोकांना ती तपश्चर्या वाटते. २०१७ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी दाखवून दिले की, त्या स्थितीत त्याला स्नायूंचे बळ जवळजवळ लावावेच लागत नाही. सांधे वजनाखाली आपोआप अडकून राहतात. मेलेल्या रोहिताचे शरीरही एका पायावर तोल सांभाळून उभे करता येते. दोन पायांवर मात्र ते उभे राहत नाही. तेव्हा ते एका पायावर उभे राहणे हे कष्ट नव्हेत, ती विश्रांती आहे. पण त्या विश्रांतीला पायाखाली उथळ पाणी लागते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, आमच्या त्या फेरीनंतर अवघ्या दोन महिन्यांनी, डीपीएस तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सीवूड्सच्या तलावात आणि आसपास मेलेले व जखमी रोहित सापडू लागले. खाडीचे पाणी तलावात आणणारी वाट बुजली होती व तलाव कोरडा पडत चालला होता. पुढे २० मे च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानावर रोहितांचा थवा आदळला, आणि घाटकोपरच्या वस्तीत तीसहून अधिक पक्षी मृत होऊन पडले. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्याला बसायला जागा उरत नाही त्याला अधिक उडावे लागते, हे समजायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाल्यामुळे खाडीवरील आकाशात यापुढे विमाने आणि पक्षी या दोहोंना वाटा लागणार आहेत.

ती मुलगी वर्तमानपत्रातील छायाचित्राचे कात्रण घेऊन आली होती. तिने विचारले, "फादर, त्यांच्याकडे मीठ टाकायची ग्रंथी होती ना? मग ते का मेले?"

या खेपेस आम्ही उत्तराची घाई केली नाही. आम्ही तिला आबांकडे घेऊन गेलो. आबांनी छायाचित्र डोळ्यांजवळ धरून पाहिले. मग म्हणाले, "पोरी, आमच्या खाजणात पाणी आत यायची एक वाट असायची. ती बुजवली की निवटी पण मरते अन् भात पण. मग पाखरू तरी काय करणार?"

त्या पक्ष्याच्या देहात लक्षावधी वर्षांची घडण होती. मीठ उपसणारी ग्रंथी होती, शेवाळ गाळणारी चोच होती, न थकता उभे राहणारा पाय होता. वीतभर पाण्याची सोय मात्र त्याच्या देहाला स्वतः करता येत नाही. ती खाडीने करायची असते, आणि खाडीची वाट आता आपल्या हाती आहे. निसर्गप्रेमी नागरिकांनी तलावासाठी आवाज उठवला, त्यांत आपल्या धर्मग्रामातील काही तरुणही होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हे सारे पुरेसे आहे असे आम्ही म्हणत नाही. पाणी येत आहे की नाही, हे कागदावर नव्हे, काठावर जाऊन पाहावे लागते.

म्हणून आमच्या धर्मशिक्षण वर्गाने एक साधा नेम धरला आहे. थंडी पडून पक्षी आले की महिन्यातून एका रविवारी, भरतीची वेळ पाहून, मुले तलावाकाठी जातात. ती पक्षी मोजत नाहीत. ते काम जाणकारांचे. ती केवळ पाण्याच्या वाटेशी जाऊन उभी राहतात आणि पाणी आत येत आहे ना, एवढे पाहून एका वहीत तारीख व वेळ लिहून ठेवतात. वही त्या मुलीच्या ताब्यात असते.